कूलर हादरतो आणि तेल तापतं : दोष कंपनाचा की आणखी कशाचा?

तक्रार साधारण अशी येते. पंप ‘अ’ चालू असतो तेव्हा यंत्रातलं तापलेलं तेल पाण्याने थंड करणारा कूलर गुपचूप आपलं काम करतो. पंप ‘ब’ लावला की पाण्याची लाइन थरथरायला लागते, शेलवर, म्हणजे कूलरच्या बाहेरच्या कवचावर, हात ठेवला तर तळव्याला मुंग्या येतात आणि तासाभरात कूलरमधून बाहेर पडणारं तेल ४६ अंशांवरून ५० अंशांवर जातं. परत ‘अ’ वर आलं की सगळं जागेवर. मग पाळीवरचं कोणीतरी निकाल देऊन टाकतं, ‘व्हायब्रेशनमुळे उष्णता नीट जात नाही.’ दुसरीकडे नेमकं उलटं ऐकायला मिळतं : ‘लाइन हादरली की कूलर जास्त मारतो, पाणी घुसळलं जातं ना!’ दोघंही डोळ्यांनी पाहिलेलंच सांगत असतात, आणि दोघांचंही निदान बहुतेक वेळा चुकतं.

मी पहिल्या गटातला होतो. वर सांगितलेला कूलर माझ्याच वाट्याला आला होता : शेलमध्ये तेल, ट्यूबमध्ये म्हणजे आतल्या नळ्यांत पाणी, पाण्याच्या बाजूला दोन पास, म्हणजे पाणी एकदा जातं आणि एकदा परततं. आम्ही ‘ब’ पंपाचं अलाइनमेंट केलं, फाउंडेशन बोल्ट आवळले, डिस्चार्जला, म्हणजे पाणी बाहेर पडतं तिथे, रबरी बेलो (लवचीक जोड) बसवला, लाइनला दोन नवे सपोर्ट दिले. कंपन निम्म्यावर आलं. तेल ५० अंशांवरच राहिलं. आठवडाभराची मेहनत आणि उत्तर शून्य. पण आता मागे पाहताना वाटतं, त्या आठवड्यात नकळत का होईना सगळ्यात उपयोगी चाचणी झाली होती : बाकी काही न बदलता फक्त कंपन बदलून पाहणं.

आधी हिशेब, मग पाना

कंपन उष्णतेच्या वहनात किती ढवळाढवळ करू शकतं, हे कागदावर पाच मिनिटांत कळतं. समजा लाइन ५० हर्ट्झने हलतेय आणि मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना ०.१ मि.मी. सरकतेय. कंपनाचा कमाल वेग म्हणजे दोन पाय गुणिले वारंवारता गुणिले सरकण, इथे सेकंदाला सुमारे ३१ मि.मी. हे कंपन काही लहान नाही; पंपाच्या बेअरिंगवर सेकंदाला ७ मि.मी. आरएमएस (कमाल नव्हे, एक प्रकारची सरासरी) दिसलं तरी आपण कपाळाला हात लावतो. पण ट्यूबमधलं पाणी सेकंदाला १ मीटरने धावत असेल, तर त्याच्यापुढे हे ३१ मि.मी. म्हणजे तीन टक्के. ३/४ इंची ट्यूबमध्ये या वेगाला कोमट पाण्याचा रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शांत की खवळलेला हे सांगणारा आकडा) २०,००० च्या घरात येतो. २,३०० च्या खाली प्रवाह शांत, थराथरांचा. इथे तो मुळातच पुरता खवळलेला आहे. खवळलेल्या पाण्याला तीन टक्क्यांनी कोण काय घुसळणार?

त्यातही एक मेख आहे. पाण्याने काठोकाठ भरलेली, झाकण घट्ट लावलेली बाटली घ्या, तिच्यात शाईचा थेंब सोडलेला असू द्या आणि बाटली न फिरवता फक्त आडवी मागेपुढे हलवा. शाई फारशी पसरत नाही, कारण पाणी बाटलीबरोबरच सरकतं. आता त्यात चमचाभर हवा राहू द्या आणि तेच करा. क्षणात सगळं ढवळून निघतं. एकसारख्या घनतेच्या द्रवाने पूर्ण भरलेली नळी आडवी हलली, तर आतला द्रव तिच्याबरोबर हलतो. भिंत आणि द्रव यांच्यात फारशी सापेक्ष हालचाल होतच नाही. ट्यूब तिच्या लांबीच्या दिशेने मागेपुढे झाली तर भिंतीलगत घसरण होते खरी, पण ५० हर्ट्झला पाण्यात ती जेमतेम ०.०७ मि.मी. जाडीच्या थरापुरती पोचते. बाटलीतली हवा मात्र लक्षात ठेवा. पुढे तीच आरोपी निघणार आहे.

दुसरा हिशेब रोधांचा. तेलाकडून पाण्याकडे जाताना उष्णतेला क्रमाने तेलाच्या बाजूचा थर, बाहेरचा साका, ट्यूबची भिंत, आतले क्षार आणि पाण्याच्या बाजूचा थर ओलांडावा लागतो. तेलाच्या बाजूचा गुणांक, म्हणजे उष्णता किती सहज जाते त्याचं माप, चौरस मीटरला, अंशाला ३०० वॅट धरा आणि पाण्याच्या बाजूचा ५,०००. अडवणूक जवळजवळ सगळी तेलाची आहे. आता कंपनाने चमत्कार केला आणि पाण्याच्या बाजूचा गुणांक २० टक्के वाढवला असं मानलं, तरी एकूण उष्णतावहन वाढेल जेमतेम एक टक्का. चार अंशांचा फरक या वाटेने येऊच शकत नाही, वाढीच्या दिशेने नाही की घटीच्या दिशेने नाही.

मग कंपनाचा थेट परिणाम कधीच नसतो का? असतो, पण त्याच्या जागा ठरलेल्या आहेत. जाड तेल, सिरप, पॉलिमर असलं काही ट्यूबमधून सावकाश वाहत असेल, प्रवाह थराथरांचा असेल, तर मधला द्रव मधल्या मध्येच निघून जातो आणि भिंतीजवळचा भिंतीलाच चिकटून राहतो. अशा वेळी आडवं मिसळण घडवणारी कोणतीही गोष्ट फायद्याची ठरते. शिवाय चिकट द्रवात कंपनाची पोच खोल जाते : ज्या ५० हर्ट्झला पाण्यात ०.०७ मि.मी., तिथे १०० सेंटिस्टोकच्या (हे चिकटपणाचं माप) तेलात ०.८ मि.मी. ढवळल्यावर पातळ होणाऱ्या द्रवांना तर कंपनाने वाहणंही सोपं जातं. ट्यूबच्या बाहेरची गोष्टही वेगळी आहे. फक्त ट्यूब थरथरतेय आणि भोवतीचा द्रव थरथरत नाही, तर तिथे सापेक्ष हालचाल खरी असते आणि बाहेरचा गुणांक वाढू शकतो. पण ट्यूब तेवढी थरथरत असेल, तर उष्णतेचं सोडा, ट्यूबची काळजी करा. त्यावर पुढे येतोच.

तर तुमचा द्रव पाणी किंवा पाण्यासारखा पातळ असेल, रेनॉल्ड्स अंक दहा हजारांच्या पुढे असेल आणि रोध दुसऱ्या बाजूला असेल, तर कंपनाने उष्णता अडवली ही तक्रार तिथेच मिटवा. कंपन आणि तापलेलं तेल ही बाप-लेक नाहीत, भावंडं आहेत. बाप कोण, ते शोधायचं.

आमच्याकडचा बाप

‘ब’ पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर बसलेला होता, म्हणजे सक्शनला (पाणी ओढून घेणाऱ्या बाजूला) हवेच्या दाबापेक्षा कमी दाब. त्याच्या ग्लँडमध्ये (शाफ्टभोवतीच्या पॅकिंगच्या जागी) लँटर्न रिंग, म्हणजे सीलिंगचं पाणी शाफ्टभोवती पसरवणारी भोकांची कडी, होती आणि तिला सीलिंगचं पाणी देणारी बारीक नळी गाळाने बुजली होती. पाणी बंद झाल्यावर ग्लँडमधून बाहेरची हवा आत ओढली जाऊ लागली. पंपात पाण्याबरोबर हवा आली की इंपेलरवरचा भार असमान होतो, पंप थरथरतो, लाइन थरथरते. तीच हवा पुढे कूलरच्या वॉटर बॉक्समध्ये (ट्यूबच्या तोंडाशी असलेल्या पाण्याच्या पेटीत) वर जाऊन बसली आणि वरच्या पासमधल्या दोन-तीन ओळी निम्म्याशिम्म्या कोरड्या पडल्या. त्या ट्यूब नावाला होत्या. उष्णता घ्यायला त्यांत पाणीच नव्हतं. एका हवेने लाइनही हादरवली आणि तेलही तापवलं.

हे पकडायला लागली दहा मिनिटं. वॉटर बॉक्सच्या माथ्यावरचा व्हेंट उघडला तर आधी बराच वेळ फुसफुस हवा, मग फेसाळ पाणी. तेल अर्ध्या तासात ४७ वर आलं आणि व्हेंट बंद केल्यावर हळूहळू पुन्हा चढलं. एकदा हवा काढून प्रश्न सुटला असता, तर ती जुनी अडकलेली हवा म्हणता आली असती. पुन्हा चढलं, म्हणजे हवा सतत येत होती. सक्शनच्या प्रत्येक जोडावर दाढीचा फेस लावत गेलो; ग्लँडपाशी तो आत ओढला गेला. बुजलेली नळी साफ केली, पॅकिंग बदललं. अलाइनमेंटचा तो आठवडा फुकट गेला असं मात्र म्हणणार नाही, बेअरिंग सुखात आहेत.

तुमच्याकडे बाप हवाच असेल असं नाही. सक्शन स्ट्रेनर (गाळणी) तुंबला असेल तर पंप कॅव्हिटेट होतो, म्हणजे दाब घटून पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटतात, खडी भरडल्यासारखा आवाज येतो, कंपन वाढतं आणि प्रवाह घटतो. तेल तापतं ते घटलेल्या प्रवाहाने. उलटी तक्रार, म्हणजे ‘हादरलं की जास्त थंड’, ही बहुतेक वेळा दोन पंप एकदम चालवल्याची असते. कंपन वाढलं, पण पाणीही वाढलं. पाण्याच्या बाजूचा गुणांक वेगाच्या ०.८ घाताने वाढतो आणि पाणी कमी तापून बाहेर पडल्यामुळे तापमानांतला फरकही सुधारतो. श्रेय मात्र कंपनाला मिळतं, कारण ते हाताला जाणवतं आणि प्रवाह जाणवत नाही.

आकडे खोटं बोलत असतील तर?

कूलर उघडायच्या आधी हे तपासाच, कारण हादरणाऱ्या लाइनवरची मोजमापं पहिल्यांदा बिघडतात. तेलाने किती उष्णता सोडली आणि पाण्याने किती घेतली, हे दोन्ही बाजूंनी काढा. दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल, तर कोणत्याही निष्कर्षाला हात लावू नका.

ऑरिफिस प्लेटवर (लाइनमधल्या भोकाच्या चकतीवर, दाबातल्या फरकावरून) मोजलेला प्रवाह पल्सेट होत, म्हणजे झोके खात, असेल, तर मीटर जास्त दाखवतो. दाबातला फरक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, यंत्र त्या फरकाची सरासरी काढून मग वर्गमूळ घेतं, आणि वर्गांच्या सरासरीचं मूळ सरासरीपेक्षा नेहमी मोठं. वेग सरासरीच्या दोन्ही बाजूंना २० टक्के झुलत असेल तर चूक एक टक्का, ५० टक्के झुलत असेल तर सहा टक्के. पिस्टनचा पंप असेल आणि झोके शोषणाऱ्या डॅम्पनरमधला गॅस उडालेला असेल, तर ५० टक्के झोका अशक्य नाही. मग पाण्याने घेतलेली उष्णता कागदावर फुगते आणि सगळे खूश होतात.

थर्मोवेलचं, म्हणजे तापमानाचा सेन्सर ज्यात बसवतात त्या बंद टोकाच्या नळीचं, तसंच. आतला सेन्सर कंपनाने सैल होऊन वेलच्या तळापासून वर सरकला, की तो द्रवाचं नाही, मधल्या हवेचं तापमान सांगू लागतो. गरम लाइनवर कमी, थंड लाइनवर जास्त. वेल स्वतःही हलत असते. तिच्या मागे भोवरे सुटतात आणि त्यांची वारंवारता वेलच्या स्वाभाविक वारंवारतेशी जुळली तर ती तुटते. जपानमधल्या मोंजू अणुभट्टीत ८ डिसेंबर १९९५ रोजी द्रवरूप सोडियम गळून आग लागली, ती दुय्यम परिपथातली अशीच एक थर्मोवेल प्रवाहाच्या कंपनाने मोडल्यामुळे. तापमान मोजायला घातलेली नळीच गळतीची जागा झाली.

दाबाचा फरक काय म्हणतो

पाण्याच्या बाजूला आत-बाहेर दोन गेज असतात, पण लॉगबुकात त्यांची नोंद सहसा सापडत नाही. हा मोठा तोटा. प्रवाह तेवढाच असताना दाबातला फरक वाढला, तर ट्यूब तुंबल्यात किंवा क्षार चढलेत. फरक कमी झाला आणि तेलही तापलं, तर पास पार्टिशनचं गॅस्केट बघा. कंपनाचा हात खरोखर असतो अशी ही एक जागा आहे. वॉटर बॉक्समधली दोन पासांना वेगळं करणारी पट्टी सतत थरथरली की गॅस्केटवरची पकड सुटते, आणि पाणी ट्यूबमध्ये न शिरता आलेल्या दारानेच शेजारच्या बाजूला उडी मारतं. एकूण प्रवाह मीटरवर पूर्ण दिसतो, कूलर मात्र अर्धपोटी. झाकण उघडल्यावर पट्टीच्या कडेला पाण्याने कोरलेली चकचकीत रेघ दिसते, ती पाहिली की पुन्हा विचारावं लागत नाही.

‘कंपनाने ट्यूब स्वच्छ राहतात’ हा दावाही कानावर येतो. चिखल, शेवाळ असलं मऊ काही असेल तर थोडं सुटतं. पक्का बसलेला चुना सुटत नाही, आणि सुटलेल्या खपल्या पुढच्या पासच्या तोंडाशी अडकतात, तो भाग वेगळा.

मुळापर्यंत जाण्यासाठी एवढं करा : चार तापमानं, दोन दाब, प्रवाह आणि कंपन एकाच वेळी, एकाच कागदावर, दर पंधरा मिनिटांनी, दोन्ही पंपांवर लिहा. मग कंपन वेगळं काढा. लाइनला तात्पुरता टेकू देऊन ते कमी करा (गरम लाइन असेल तर तिच्या प्रसरणाला जागा सोडून) आणि तापमान हललं का पाहा. नाही हललं तर तो विषय संपला. नंतर व्हेंट, नंतर स्ट्रेनर, मग गॅस्केट. वॉटर बॉक्स खोलणं शेवटी.

खरा धोका : त्याच ओळीत पुन्हा पुन्हा गळती

आता दुसरी तक्रार. दरवर्षी त्याच दोन-तीन ओळींतल्या ट्यूब गळतात, त्यांच्या तोंडाला प्लग (बूच) मारतो, पुढच्या वर्षी शेजारच्या. इथे कंपन निरपराध नाही, आणि बहुतेक वेळा ते पंपाकडून आलेलं नसतं. शेलमधला प्रवाह ट्यूबवर आडवा आदळून ते तिथल्या तिथे निर्माण करतो.

ट्यूब काढून पाहिली तर खुणा बोलतात. बॅफलच्या, म्हणजे ट्यूबना आधार देणाऱ्या आणि प्रवाह वळवणाऱ्या आडव्या पत्र्याच्या, जागी चोहोबाजूंनी कंबर बारीक झालेली असेल, तर ट्यूब बॅफलच्या भोकात खेळतेय. दोन आधारांच्या मध्यावर चकचकीत सपाट पट्टा असेल, तर शेजारच्या ट्यूबशी टक्कर होतेय. ट्यूबशीटच्या (ट्यूबची टोकं ज्यात बसवलेली असतात त्या जाड पत्र्याच्या) तोंडाशी आडवी चीर असेल तर तो थकवा.

एक उदाहरण करून पाहू. ३/४ इंची, २.१ मि.मी. जाडीची पोलादी ट्यूब, आत-बाहेर पाणी, दोन आधारांतलं अंतर १ मीटर : स्वाभाविक वारंवारता सुमारे ३७ हर्ट्झ येते. अंतर १.५ मीटर केलं तर १६. अंतराच्या वर्गाने ती पडते, ही मेख. मिनिटाला १,४८० फेऱ्यांचा पंप २४.७ हर्ट्झने हलवतो, म्हणजे १.२ मीटरच्या आसपासचं अंतर नेमकं त्याच्या तावडीत सापडतं. पण त्याहून वाईट प्रकार म्हणजे फ्लुइडइलॅस्टिक अस्थिरता. संशोधक कॉनर्स यांनी १९७० मध्ये मांडलेल्या सूत्राप्रमाणे आडव्या प्रवाहाला एक टोकाचा वेग असतो. त्याखाली ट्यूब जराशी थरथरते, त्यावर गेलात की एकदम झोके घेऊ लागते. नेहमीची सावध गृहीतकं धरली तर १ मीटरच्या अंतराला हा वेग सेकंदाला १.३ मीटरच्या आसपास येतो, १.५ मीटरला जेमतेम ०.६. टेमाच्या (अशी उपकरणं बनवणाऱ्या उत्पादकांच्या अमेरिकी संघटनेच्या) मानकात या ट्यूबला आधाराविना १,५२४ मि.मी.पर्यंत मुभा आहे. पण ती कंपनातून सुटका मिळाल्याची पावती नव्हे, आणि ती तशी समजली जाते.

उष्णतेचा आणि कंपनाचा खरा व्यवहार इथे आहे. तेल तापलं की हात पहिला शेलच्या बाजूच्या व्हॉल्व्हकडे जातो, कारण रोध तिकडेच असतो हे सगळ्यांना ठाऊक. वेग वाढवला की शेलच्या बाजूचा गुणांक साधारण ०.६ घाताने वाढतो : २० टक्के वेगाला ११-१२ टक्के फायदा, सरळ आणि गोड. कंपन मात्र असं हळूहळू वाढत नाही. टोकाचा वेग ओलांडेपर्यंत काहीच दिसत नाही. बॅफलचं एक भोक झिजून मोठं झालं आणि तो आधार गेला, की अंतर दुप्पट, वारंवारता चौथाई आणि टोकाचा वेगही चौथाई. काल चालणारा प्रवाह आज ट्यूब फोडतो, आणि कोणी काही बदललेलं नसतं.

दिशाही बघावी लागते. कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रे अणुवीज केंद्रात ३१ जानेवारी २०१२ रोजी तुलनेने नव्या स्टीम जनरेटरची ट्यूब गळली. यू आकाराच्या बाकापाशी कंपन रोखणाऱ्या पट्ट्या होत्या, पण त्या बाकाच्या प्रतलाबाहेरची हालचाल अडवण्यासाठी. ट्यूब हलल्या प्रतलातल्या प्रतलात आणि एकमेकींना घासल्या. जून २०१३ मध्ये ते केंद्र कायमचं बंद करायचं ठरलं.

उपाय सोपे नसतात, पण माहीत असलेले आहेत. इनलेट नोझलसमोर इम्पिंजमेंट प्लेट, म्हणजे आत येणाऱ्या प्रवाहाचा मारा झेलणारी पट्टी, आहे का आणि तिच्या कडेने वेग वाढत तर नाही ना, हे बघा. बॅफलच्या खिडकीतल्या, म्हणजे प्रवाह वळावा म्हणून बॅफल कापलेल्या जागेतल्या, ट्यूबना एक बॅफल सोडून एक आधार मिळतो, म्हणून गळती बहुधा तिथेच सुरू होते. पुढच्या बंडलमध्ये (ट्यूबच्या जुडग्यात) खिडकीत ट्यूबच न ठेवण्याची रचना मागा. चालू बंडलमध्ये ओळींच्या मध्ये पट्ट्या ठोकून अंतर तोडता येतं. तेवढ्यात शेलचा प्रवाह कमी करून पाण्याच्या बाजूने काही मिळतंय का बघा, फार मिळणार नाही हे वरच्या हिशेबावरून माहीत आहेच.

आणि प्लग मारून मोकळे होऊ नका. प्लग मारलेली ट्यूब पाणी वाहून नेत नाही, पण बाहेरचा प्रवाह तिला तसाच हलवत राहतो. ती एक दिवस तुटते आणि तिचं मोकळं टोक शेजारणींना बडवतं. दरवर्षी गळती शेजारच्या ट्यूबकडे सरकते, त्यामागे कित्येकदा हेच असतं. कंपनाने गेलेल्या ट्यूबमध्ये प्लग मारण्याआधी आत स्टॅबिलायझरची सळई किंवा केबल घाला, आणि ट्यूबशीटच्या नकाशावर त्या जागी प्लगच्या खुणेशेजारी ‘स’ लिहून ठेवा.